प्रकाशनात ओळख नाही, मग सुरुवात कुठून करायची?

“पुस्तकांच्या क्षेत्रात काम करायचे आहे, पण तिथे आमचे कोणी नाही आणि जागांच्या जाहिरातीही दिसत नाहीत, मग सुरुवात कुठून करायची?” करिअर समुपदेशनात हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो आणि तो विचारणारे बहुतेक जण साहित्यात एम.ए. झालेले असतात. सातारा जिल्ह्यातून आलेल्या अशाच एका मुलीचा हा अनुभव आहे. तिची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. तिने पुण्यातील अनेक प्रकाशकांना ईमेलने अर्ज पाठवले होते, पण एकाचेही उत्तर आले नव्हते. सोबत आलेल्या वडिलांचा आग्रह होता की तिने बी.एड. करून शिक्षिका व्हावे, वाचनाची हौस काय घरीही भागते.

मी तिचा अर्ज वाचला. लहानपणापासूनची वाचनाची आवड, आवडत्या लेखकांची यादी आणि वक्तृत्व स्पर्धेतील बक्षिसे एवढे त्यात होते; प्रकाशकाला तिच्याकडून कोणते काम करून घेता येईल, याविषयी मात्र एक ओळही नव्हती. मराठीतील बऱ्याच प्रकाशनसंस्था एकाच कुटुंबाच्या आणि मोजक्या माणसांवर चालणाऱ्या आहेत. लेखकाशी बोलणारी व्यक्तीच तिथे आयएसबीएन या पुस्तकाच्या ओळख-क्रमांकासाठी अर्ज करते, छापखान्याकडून दर मागवते आणि ग्रंथप्रदर्शनात गाळ्यावरही उभी राहते. अशा ठिकाणी मनुष्यबळ विभाग नसतोच, त्यामुळे माणूस हवा झाला की आधीपासून काम करणाऱ्या मुद्रितशोधकाला (प्रुफे, म्हणजे छपाईआधीची पाने, वाचून चुका काढणाऱ्याला) किंवा अक्षरजुळणी करणाऱ्याला “कोणी आहे का?” असे विचारले जाते. बाहेरच्यांना जी ओळख वाटते ती बहुतेक वेळा एवढीच असते, आणि ती काम करूनच होते.

मग मी तिच्यापुढे एका कथेच्या कच्च्या प्रुफाची काही पाने ठेवली आणि लाल पेन दिले. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तिने भराभर टिपल्या. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा आणि १९७२मध्ये त्यांत भर पडलेले चार, असे अठराही शुद्धलेखनाचे नियम तिला पाठ होते. परंतु पहिल्या पानावर नायकाची मावशी असलेली बाई तिसऱ्या पानावर आत्या झाली होती, ते तिच्या नजरेतून निसटले. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘करणाऱ्या’चे सर्वत्र ‘करणार्या’ झाले होते, तेही तिला दिसले नाही, आणि पानाच्या माथ्यावर भलत्याच कथेचे शीर्षक होते तिकडे तर तिने पाहिलेच नव्हते. वाचनात रमलेला माणूस कथेबरोबर पुढे जातो, मुद्रितशोधकाला मात्र पानापाशी थांबावे लागते. हे ऐकून ती हिरमुसली नाही, उलट तीच पाने पुन्हा मागून घेऊन तिथेच वाचू लागली. तिला या कामाचा कंटाळा येणार नाही, असे मला त्या वेळी पहिल्यांदा वाटले.

त्यानंतर मी तिला एक साधे गणित घातले. साठ हजार शब्दांचे हस्तलिखित आहे आणि पानावर सुमारे तीनशे शब्द बसतात, तर पुस्तक किती पानांचे होईल? तिने दोनशे सांगितले. पण पुस्तक सोळा पानांच्या फॉर्मने, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा-सोळा पानांच्या संचाने छापले जाते आणि दोनशे पानांचे साडेबारा फॉर्म होतात. शीर्षकपान, हक्कपान, अर्पणपत्रिका, मनोगत आणि अनुक्रमणिका यांची आठ पाने धरली की दोनशे आठ पाने, म्हणजे बरोबर तेरा फॉर्म होतात. कागदाचा खर्च आणि पुस्तकाची किंमत पुढे याच हिशेबावर ठरते, आणि ज्या उमेदवाराला हा हिशेब समजतो त्याच्याशी प्रकाशक निराळ्या सुरात बोलतो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

अभ्यासक्रम करावा का, हे तिने अर्थातच विचारले. दिल्लीची नॅशनल बुक ट्रस्ट पुस्तक प्रकाशनाचे प्रशिक्षण वर्ग घेत आली आहे, कोलकात्यात सीगल स्कूल ऑफ पब्लिशिंग आहे आणि पुण्या-मुंबईत मुद्रणतंत्राचे शिक्षणही मिळते. ऐपत आणि सवड असेल तर अवश्य करावे. परंतु मराठी प्रकाशनात शिरण्यासाठी त्या प्रमाणपत्राची अट सहसा नसते. तिच्या घरची परिस्थिती पाहता कर्ज काढून परगावी जावे, असे मी सुचवले नाही.

त्याऐवजी तिने हंगाम साधावा असे ठरले. दिवाळी अंकांचे काम पावसाळ्यात सुरू होते, गणपतीनंतर त्याला भलताच वेग येतो आणि त्या दिवसांत नीट प्रुफे तपासणारा माणूस सर्वांनाच हवा असतो. तिने अर्ज नव्याने लिहिला. त्यात आवडत्या लेखकांच्या यादीऐवजी आपण तपासलेल्या दोन पानांची मूळ आणि दुरुस्त प्रत जोडली, आणि एखादे प्रकरण नमुन्यादाखल तपासून देईन, पुढील कामाचा दर मात्र आधी ठरवावा, असे स्पष्ट लिहिले. हे शेवटचे वाक्य घालायला ती संकोचत होती. साहित्यसेवेच्या नावाखाली नवख्यांकडून फुकट काम करून घेण्याची रीत आपल्याकडे पुष्कळ जुनी आहे, म्हणून ते वाक्य मी आग्रहाने घालायला लावले.

“पण मॅडम, यात पोट भरतं का?” वडिलांचा हा प्रश्न रास्त होता आणि मी त्यांना खोटा दिलासा दिला नाही. मुद्रितशोधनाचे पैसे पानावर किंवा फॉर्मवर मिळतात, दर बेताचेच असतात आणि दिवाळी सरली की काम रोडावते. केवळ कथा-कादंबऱ्यांच्या आधारावर सुरुवातीला घर चालत नाही. पाठ्यपुस्तके, मार्गदर्शिका आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके काढणाऱ्या संस्थांत मात्र काम वर्षभर असते आणि पगारही त्यामानाने नियमित होतो. साहित्याचे विद्यार्थी या कामाला उगाचच नाके मुरडतात. इंग्रजी चांगले असेल तर अनुवादाची जोड देता येते. एक वर्ष प्रयत्न करावा, तोवर बी.एड.चा विषय बाजूला ठेवावा आणि खर्चाचा आकडा आधीच ठरवून घ्यावा, यावर बापलेकीचे एकमत झाले.

त्या दिवाळीत तिला एका अंकाचे काम मिळाले आणि त्याच अंकाच्या अक्षरजुळणीकाराने पुढे तिचे नाव एका शैक्षणिक प्रकाशकाला सांगितले. आज ती तिथे साहाय्यक संपादक आहे. ललित पुस्तकांची प्रुफे ती अजूनही सुट्टीच्या दिवशी घरी तपासते आणि त्याचा दर आता स्वतः सांगते.