‘राज्यांचे हक्क’ म्हणजे नेमका कसला हक्क?

प्रश्न : माझी मुलगी टेक्ससला असते, नात तिथे आठवीत आहे. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, आजी, वर्गात वाद झाला, सिव्हिल वॉर गुलामगिरीमुळे झालं की राज्यांच्या हक्कांमुळे? मला काही सांगता येईना. जावई म्हणतात या वयात हे नकोच, गोऱ्या मुलांना उगाच अपराधी वाटतं आणि आपली पोर मध्ये अवघडून बसते. तिकडे यावरून कायदे पण झालेत म्हणे. एवढं भांडण कशाचं आहे, आणि नातीला काय सांगू?

उत्तर : ताई, आधी नातीचं उत्तर. सिव्हिल वॉर म्हणजे १८६१ ते १८६५ चं अमेरिकेतलं यादवी युद्ध, दक्षिणेकडची राज्यं देशातून फुटली आणि उत्तरेशी लढली ते. राज्यांचे हक्क हे कारण होतंच, पण लगेच पुढचा प्रश्न विचारायचा, कसला हक्क? आणि याचं उत्तर आपल्या मतावर सोडायची गरज नाही, कारण टेक्ससनेच ते लिहून ठेवलंय. २ फेब्रुवारी १८६१ ला संघराज्यातून बाहेर पडताना त्यांनी कारणं सांगणारा जाहीरनामा काढला, त्यात सरळ म्हटलंय की टेक्सस युनियनमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संघराज्यात, आलं ते निग्रो गुलामगिरी सांभाळत आणि जपत आलं, आणि ती पुढे सदासर्वकाळ राहावी असाच इथल्या लोकांचा इरादा आहे. तेव्हा टेक्ससमध्ये १ लाख ८२ हजार गुलाम होते, म्हणजे दर दहा माणसांत तीन. मिसिसिपीच्या जाहीरनाम्यात तर सुरुवातीलाच येतं की आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे. साउथ कॅरोलिनाचा जाहीरनामा डिसेंबर १८६० चा, त्यात उत्तरेकडच्या राज्यांबद्दल तक्रार अशी आहे की पळून आलेले गुलाम परत देऊ नयेत म्हणून ती आपापले कायदे करतात. म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी आपला हक्क वापरला तो साउथ कॅरोलिनाला नको होता, हे नातीला नक्की सांगा, मुलांना ही गोष्ट पटकन कळते.

मग घोळ कुठून आला? दक्षिण लढाई हरल्यावर आला. १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली आणि पुढच्या पिढीत दक्षिणेत ‘आम्ही तत्त्वासाठी लढलो’ अशी गोष्ट रुजवली गेली. १८९४ मध्ये स्थापन झालेली युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी (कॉन्फेडरसी म्हणजे फुटलेल्या दक्षिणी राज्यांचा संघ) ही बायकांची संघटना शाळेच्या पुस्तकांवर बारीक लक्ष ठेवून असायची, त्यातल्या मिल्ड्रेड रदरफोर्ड यांनी पुस्तकं तपासायला एक पुस्तिकाच काढली, तीत लिहिलंय की दक्षिण आपले गुलाम राखण्यासाठी लढली असं सांगणारं पुस्तक नाकारा. अशी पुस्तकं वाचून कित्येक पिढ्या मोठ्या झाल्या. टेक्ससच्या अभ्यासक्रमात अगदी अलीकडेपर्यंत युद्धाची कारणं प्रादेशिक वाद, राज्यांचे हक्क आणि शेवटी गुलामगिरी अशा क्रमाने होती, २०१८ मध्ये तिथल्या शिक्षण मंडळाने ते बदलून गुलामगिरीच्या विस्ताराला मुख्य जागा दिली. त्यामुळे नातीच्या वर्गात वाद होणारच, कुणाच्या घरी जुनं पुस्तक डोक्यात आहे, कुणाच्या नवीन.

आता भांडणाचं. गुलामगिरी होती हे कुणीच नाकारत नाही. भांडण आहे की ती अमेरिकेच्या गोष्टीच्या मधोमध ठेवायची की कडेला. २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिनने ‘१६१९ प्रोजेक्ट’ काढला, व्हर्जिनियात पहिले आफ्रिकन आणले गेले त्या वर्षापासून देशाची कथा सांगू या म्हणून. त्यात वसाहतींनी स्वातंत्र्य मागितलं त्यामागे गुलामगिरी वाचवणं हे एक मुख्य कारण होतं असं वाक्य होतं, त्यावर गॉर्डन वुड, जेम्स मॅकफर्सन अशा मोठ्या इतिहासकारांनी आक्षेप घेतला आणि मार्च २०२० मध्ये ते ‘काही वसाहतकरी’ असं दुरुस्त झालं. मला तो आक्षेप योग्य वाटतो, पण एक वाक्य चुकलं म्हणून अख्खा विषयच बाजूला सारायचा हे मला मुळीच पटत नाही. टेक्ससच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे, गुलामगिरी म्हणजे देशाच्या मूळ तत्त्वांपासून ढळणं होतं, याहून वेगळं काही होती असं शिक्षकांना वर्गात शिकवता येत नाही. २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या अभ्यासक्रमात आलं की गुलामांनी कौशल्यं शिकली आणि काही वेळा ती त्यांच्या फायद्याची ठरली. राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनच्या मॉन्टिसेलो नावाच्या मळ्यावर दहा ते सोळा वर्षांची गुलाम मुलं खिळे बनवायची, कौशल्य होतंच की, पण खिळे विकून आलेला पैसा जेफरसनचा. ही दुसरी ओळ पुस्तकात नसली की वाक्य खोटं नसूनही मूल खोटं शिकतं. एकेका शब्दाने पण असंच होतं, २०१५ मध्ये टेक्ससच्या भूगोलाच्या पुस्तकात नकाशाखाली लिहिलं होतं की आफ्रिकेतून लाखो ‘कामगार’ आणले, एका मुलाने फोटो काढून आईला पाठवला, तिने आवाज उठवला आणि प्रकाशकाला दुरुस्ती करावी लागली. कामगाराला मजुरी असते, काम सोडून घरी जाता येतं.

राहिलं जावयांचं, अपराधी वाटण्याचं. त्यांची काळजी खरी आहे, आपलं लेकरू वर्गात अवघडलेलं कुणालाच बघवत नाही. पण मला वाटतं ‘तुमच्या पूर्वजांनी पाप केलं’ असं मोघम सांगितलं की मुलं आखडतात, माणसं दाखवली की आखडत नाहीत. नातीला ओना जज दाखवा. मे १७९६ ची फिलाडेल्फियाच्या पेपरातली जाहिरात आहे, राष्ट्राध्यक्षांच्या घरातून, म्हणजे चक्क जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरातून, एक मुलगी पळालीय, रंग उजळ, अंगावर तीळ पुष्कळ, डोळे अगदी काळे, केस दाट, आणून देणाऱ्याला दहा डॉलर. आणि पुढे लिहिलंय की तिला पळून जायचं काही कारण नव्हतं, त्यामुळे ती कुठे गेली असेल याचा अंदाज करता येत नाही. ती जहाजाने न्यू हॅम्पशायरला पोर्ट्समथला गेली होती. वॉशिंग्टनने तिथल्या जोसेफ व्हिपल नावाच्या कस्टम अधिकाऱ्याकडून तिला परत आणायचा प्रयत्न केला, तो गोरा माणूस, सरकारी नोकर, पण तिच्याशी बोलला आणि जबरदस्तीने पाठवायला तयार झाला नाही. या एका गोष्टीत मुलाला हवं तिथे उभं राहता येतं, ओनाच्या जागी पण आणि व्हिपलच्या पण. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला हे अजिबात जड नाही.

पुढच्या कॉलला असं करा, नातीला टेक्ससचा तो जाहीरनामा शोधायला सांगा, नेटवर लगेच मिळतो, मोठ्याने वाचायला लावा आणि जावयांना पण बसवा. आणि १९ जूनला तिकडे जूनटीन्थची सुट्टी का असते ते तिलाच विचारा, कारण १८६५ मध्ये गुलाम मोकळे झाल्याचा हुकूम त्या दिवशी वाचला गेला तो टेक्ससमध्येच, गॅल्व्हेस्टनला.