वाचक विचारतात : कर्ली नदीत एकट्याने कयाक

प्रश्न : माझी दहा फुटी, वर उघडं बसायचं आसन असलेली कयाक आहे. डिसेंबरात मालवणजवळच्या देवबागहून, म्हणजे मुखाकडून, कर्ली नदीत वर जाऊन संध्याकाळपर्यंत परतायचं आहे, एकट्याने. किती वाजता निघू?

उत्तर : आमचं ऐकाल तर देवबागहून निघूच नका. दुपारी बाराएकच्या सुमारास समुद्राकडून खारा वारा सुटतो. तेव्हा तुम्ही परतीला असाल, म्हणजे तो तोंडावर. त्यात सुकती (ओहोटी) लागलेली असली तर वारा आत आणि पाणी बाहेर, अशा ओढाताणीत आखूड, उभ्या लाटा उठतात आणि दहा फुटी होडी नुसती आपटत राहते.

उलट करा. वरून, नेरूरपार पुलाच्या बाजूने उतरा, ओहोटीबरोबर खाली या आणि भरतीबरोबर, वारा पाठीवर घेऊन परत जा. त्यासाठी दिवस तिथीवरून निवडा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. नवमीला नऊची पाऊणपट पावणेसात, म्हणजे सकाळी पावणेसातला भरती आणि साधारण सहा तासांनी, एकच्या आसपास, पूर्ण ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं आणि नदीत आत वेळा आणखी उशिरा येतात, म्हणून मालवणचं भरतीचं कोष्टक पाहाच. नवमी-दशमीला भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, ओढ कमी. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण एकट्याने टाळा.

साडेनऊला निघा, एक-दीडपर्यंत खाली, साडेचारला वर. निघताना काठाला जेवढं पाणी होतं, साधारण तेवढंच परतताना मिळतं, त्यामुळे चिखल तुडवावा लागत नाही. नवख्याचा वेग ताशी चार किलोमीटर धरा. दीड किलोमीटरची ओढ सोबत असली तर साडेपाच, विरुद्ध असली तर अडीच. म्हणून पाणी फिरायच्या आधी माघारी वळू नका. काठाला थांबून जेवा. देवबागचा संगम गाठायचा हट्ट मात्र नको, ओहोटी तिथून थेट समुद्रात ओढते. कांदळवनाच्या मुळांवर आणि खडकांवर कालवं असतात, अनवाणी उतरलात तर तळवा फाटेल.

प्रश्न : उलटल्यावर परत चढायला जमत नाही. हात कमी पडतात का?

उत्तर : हात नव्हे, पाय. लोक सरळ उभे लोंबकळून वर ओढायला बघतात, मग पाय होडीखाली जातात आणि ती पुन्हा अंगावर येते. आधी होडी सुलटी करा. आसनाशेजारी या, पलीकडची कड धरा आणि पाय मागे पाण्याच्या पातळीला येईपर्यंत जोरात मारा. मग पोट आडवं होडीवर घ्या, कूस वळवून बूड आसनात टेकवा, पाय शेवटी. छातीभर पाण्यात, लाइफ जॅकेट घालूनच, दहादा करा. वल्हं दोरीने होडीला बांधलेलं हवं आणि होडी हातातून सुटता कामा नये. रिकामी होडी वाऱ्यावर तुमच्या पोहण्यापेक्षा वेगाने जाते.

प्रश्न : तासाभरात कयाक जड होते, एका बाजूला कलते.

उत्तर : पोटात पाणी शिरतंय. निचऱ्याचं बूच काढून त्याची रबरी चकती बघा. वाळूचा एक कण अडकला तरी पुरतो. चकती ठीक असेल तर आसनाच्या आणि हँडलच्या स्क्रूभोवती चिरा शोधा.

प्रश्न : चिपळूणला वाशिष्ठीत एकट्याने?

उत्तर : नको. तिथे मगरी आहेत.