ओडिशातलं पट्टचित्र, म्हणजे कापडावर रंगवलेलं पारंपरिक चित्र, मधल्या काळात खरंच बंद पडलं होतं का, आणि ते पुन्हा कुणी उभं केलं?

बंद कधीच पडलं नव्हतं, विकलं जात नव्हतं. यातला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

पुरीच्या मंदिरात ज्येष्ठ पौर्णिमेच्या स्नानानंतर पंधरा दिवस जगन्नाथाचं दर्शन नसतं. त्या 'अणसर' काळात मूर्तींच्या जागी कापडावर रंगवलेले पट लावतात. हे काम चित्रकार घराण्यांकडे पिढ्यानपिढ्या आहे, त्यामुळे हात चालू राहिला. यात्रेकरू मात्र रंगवलेल्या पटांऐवजी स्वस्त छापील तसबिरी घेऊ लागले आणि बरेच चित्रकार शेती-मजुरीकडे वळले.

1950 च्या दशकाच्या सुरुवातीला हॅलिना झीली नावाच्या परदेशी बाई ओडिशात आल्या. त्यांनी चित्रकारांना पुन्हा रंगवायला लावलं आणि कामाला बाहेर गिऱ्हाईक मिळवून दिलं. श्रेय बहुतेकदा त्यांनाच दिलं जातं. माझ्या मते ते अर्धं आहे. उरलेलं पुरीजवळच्या रघुराजपूर या चित्रकारांच्या गावातल्या जगन्नाथ महापात्रांचं. त्यांनी स्वतः रंगवलंच, शिवाय गावातल्या मुलांना शिकवून तयार केलं. गिऱ्हाईक आलं तरी रंगवणारी पुढची पिढी नसती, तर काय उपयोग होता?

रघुराजपूरला मी एका घराच्या ओसरीवर तासभर बसून काम पाहिलं. जुन्या सुती कापडाचे दोन थर चिंचोक्यांच्या खळीने चिकटवलेले, वर खडूच्या भुकटीचा लेप, मग दगडाने घोटून घोटून अगदी गुळगुळीत केलेलं. पांढरा शंखाचा, लाल हिंगुळाचा, पिवळा हरताळाचा, काळा काजळीचा, त्यात कवठाचा डिंक. काळी बारीक रेघ सगळ्यात शेवटी. ती येईपर्यंत चेहरे सपाट दिसत होते. डोळ्याभोवती रेघ फिरली आणि बलभद्र, जगन्नाथाचा भाऊ, एकदम माझ्याकडे पाहू लागला. तो क्षण अजून आठवतो.

आपल्या सावंतवाडीच्या गंजिफ्याची, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांची, कथाही अशीच, तिथे भोसले राजघराण्याने कारागिरांना आधार दिला. ओडिशातही गोल गंजिफा रंगवतात. त्यांवरच्या दशावतारात तिकडे नववा अवतार म्हणून बुद्धाऐवजी बहुतेकदा जगन्नाथच असतो. आपल्याकडच्या जुन्या पंचांगांवर त्याच जागी विठोबा दिसतो.

पुरीला गेलात तर रघुराजपूरला जाऊन चित्रकाराच्या घरूनच पट घ्या. उलटून मागची बाजू पाहा, कापडाचे थर हाताला लागतील.