घरातला जुना डेस्कटॉप राउटर आणि फायरवॉल म्हणून वापरावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१२ सालचा डेस्कटॉप घरी पडून आहे, त्याचा राउटर करावा की दोन हजारांचा नवा आणून मोकळं व्हावं? आणि घरचे म्हणतात, "आपल्यात कोण काय चोरायला येणार आहे?"

करा राउटर. हे उत्तर खरं तर मी तुमच्या घरच्यांच्या त्या वाक्यासाठी लिहितेय, कारण तेच वाक्य मी माझ्या दिरांकडून दोन वर्षं ऐकलं आहे.

मी मिरजेत घरून अकाउंट्सची कामं करते. पंधरा दुकानदारांचं जीएसटी माझ्याकडे आहे. २०२१ मध्ये आमचं नेट अक्षरशः रांगायला लागलं. महिन्याच्या २० तारखेला थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं मासिक विवरणपत्र, भरायची घाई असते, पोर्टलच रडत असतं, म्हणून आधी मी पोर्टलला बोल लावला. पण मग ५ तारखेलाही तेच, रविवारी दुपारीही तेच. साधं मेल उघडायला दोन-दोन मिनिटं. स्पीड टेस्ट केली की कधी पूर्ण स्पीड दाखवायची, कधी पानच उघडायचं नाही.

भाऊजींचं कॉम्प्युटर आणि सीसीटीव्हीचं दुकान आहे. त्यांनी वर्षभरात दोनदा राउटर बदलला. एक्स्टेंशन बोर्ड बंद करून चालू केला की तासभर नेट सुरळीत चालायचं, त्यामुळे सगळ्यांची खात्री पटली होती की दोष राउटरचाच. त्याच बोर्डवर कॅमेऱ्यांचा डीव्हीआरसुद्धा (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) होता, हे कुणाच्या डोक्यात आलंच नाही.

तिसऱ्यांदा राउटर घ्यायची वेळ आली तेव्हा मी नको म्हटलं. माझ्याकडे जुन्या ऑफिसातून घेतलेला दुसऱ्या पिढीचा आय-थ्री होता, चार जीबी रॅमचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदाराकडून इंटेलचं दोन पोर्टांचं वापरलेलं लॅन कार्ड कुरिअरने मागवलं. साध्या कॉम्प्युटरला राउटर आणि फायरवॉल (नेटच्या दारावरचा पहारेकरी) बनवणारी दोन मोफत सॉफ्टवेअर आहेत, पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स; त्यातलं कुठलं घ्यावं यावर मी आठवडाभर वाचत होते. दोन्ही फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात, दोघांचं मूळ मोनोवॉल या जुन्या फायरवॉलमध्ये. २०१५ मध्ये मोनोवॉल बंद करताना त्याच्या कर्त्यानेच लोकांना ओपीएनसेन्सकडे बघायला सांगितलं होतं, म्हणून मी तेच घेतलं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, एवढं धूड चोवीस तास चालवणार? आपली काय बँक आहे का?"

रात्री जेवणं आटोपल्यावर वायरी बदलल्या. नेट पहिल्या मिनिटापासून व्यवस्थित चाललं. मी तिथेच झोपायला जाऊ शकले असते. पण फायरवॉलमध्ये लाइव्ह व्ह्यू म्हणून एक पान असतं, आत-बाहेर जाणारं प्रत्येक कनेक्शन त्यात ओळीने दिसतं. ते उघडलं आणि ओळी वाचता येणार नाहीत इतक्या वेगाने वर सरकायला लागल्या. सगळ्या एकाच पत्त्यावरून: १९२.१६८.१.६४. आमचा डीव्हीआर. दर ओळीत समोरचा पत्ता नवा, आणि पोर्ट मात्र तोच, २३. म्हणजे टेलनेट, दुसऱ्या मशीनमध्ये दुरून लॉगिन करायची जुनी, असुरक्षित पद्धत. आमच्या पायऱ्यांवरचे कॅमेरे सांभाळणारा डबा जगभरातल्या अनोळखी घरांची दारं ठोठावत होता.

मी उठून डीव्हीआरच्या मागची लॅनची वायर काढली. ओळी थांबल्या.

हे मिरायच्या जातीचं प्रकरण. मिराय म्हणजे नेटला जोडलेली उपकरणं आपोआप ताब्यात घेणारा व्हायरससारखा प्रोग्राम. २०१६ मध्ये मिरायने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर असेच ताब्यात घेतले होते, साठेक ठरलेल्या युजरनेम-पासवर्डांची यादी वापरून. ते फक्त मेमरीत राहतं, म्हणून वीज बंद केली की पुसलं जातं, आणि दार उघडंच असेल तर थोड्या वेळात परत येतं. आमचा 'तासभर बरं चालतं'चा उलगडा तिथे झाला. नेट रांगायचं कारणही तेच. राउटर प्रत्येक कनेक्शनची नोंद ठेवतो, छोट्या राउटरची ती वही लवकर भरते, मग माझं मेल रांगेत उभं. चार जीबीच्या मशीनमध्ये अशा लाखो नोंदी मावतात, म्हणून डेस्कटॉप लावल्यावर त्रास जाणवलाच नाही. नुसता दणकट राउटर आणला असता तर दुखणं झाकलं गेलं असतं, इतकंच.

आणि दार उघडं कुणी ठेवलं? बाहेरून मोबाइलवर कॅमेरे दिसावेत म्हणून भाऊजींनी स्टॅटिक आयपी (नेटचा कायम तोच राहणारा पत्ता) घ्यायला लावला, आणि एकेक पोर्ट उघडायचा कंटाळा म्हणून डीव्हीआर सरळ डीएमझेडमध्ये टाकला, म्हणजे बाहेरून येणारं सगळं थेट त्याच्याकडे जाईल असं राउटरचं सेटिंग केलं. पासवर्ड कंपनीचाच. प्रत्येक नव्या राउटरवर तेच सेटिंग पुन्हा केलं. मी सकाळी सगळं दाखवलं तर म्हणाले, "डीव्हीआर जुना झालाय, नवीन बसवू." डीएमझेडचं नावसुद्धा काढलं नाही, आजतागायत काढलेलं नाही. मला त्याचा राग आहे, कारण त्याच नेटवर्कवर माझा लॅपटॉप होता आणि त्यात पंधरा लोकांचे लॉगिन होते. चोरायला येणारा बँक शोधत नसतो, तो उघडं दार शोधतो, आणि ते शोधायचं काम माणूसही करत नाही.

आता तुमच्या मशीनबद्दल. प्रोसेसर ६४-बिट हवा, २०१२ चा असेल तर असणारच. दोन लॅन पोर्ट लागतील, तीन असतील तर उत्तम: एक नेटला, एक घराला, एक कॅमेरे-टीव्ही वगैरेंना. दोन पोर्टांचं कार्ड ग्राफिक्स कार्डाच्या रिकाम्या लांब स्लॉटमध्ये बसतं. कॅबिनेट बारीक असेल तर पट्टी आखूड असलेलं मागा. इंटेलचंच घ्या, रियलटेकने फ्रीबीएसडीवर मला दमवलं आहे. वायफायसाठी जुना राउटर फेकू नका. त्याचा पत्ता बदला, डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद करा, वायर लॅनच्या पोर्टात लावा, तो नुसता ॲक्सेस पॉइंट, म्हणजे फक्त वायफाय देणारा डबा, होतो. केबलवाल्याला ओएनटी (त्याचा फायबरचा डबा) ब्रिज मोडवर टाकायला सांगा, म्हणजे राउटरचं काम तुमचं मशीन करेल, आणि पीपीपीओईचा (नेटच्या लॉगिनचा) युजरनेम-पासवर्ड लिहून घ्या, त्याने व्हीलॅन (कनेक्शनला दिलेला क्रमांक) वापरला असेल तर तो नंबरही. बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर मशीन आपोआप चालू होण्याचं सेटिंग करा. ते सेटिंग लाइट गेल्यावर विसरलं जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय.

माझा डीव्हीआर आज तिसऱ्या पोर्टवर एकटा आहे. घरातले मोबाइल त्याच्यापर्यंत जातात, तो स्वतः बाहेर कुठेच जाऊ शकत नाही. गावाला गेले की वायरगार्ड (घरच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित शिरायचं व्हीपीएन) लावून बघते. हे स्टॅटिक आयपीमुळे जमतं. तुमच्याकडे वॅनचा (राउटरच्या नेटकडच्या बाजूचा) पत्ता १०० ने सुरू होत असेल तर तुम्ही बहुधा सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटतेय, बाहेरून थेट आत येता येणार नाही.

विजेच्या मुद्द्यावर मात्र भाऊजी बरोबर होते. माझं मशीन मीटर लावून मोजलं, ४५ वॅट खातं, म्हणजे महिन्याला ३२ युनिट. छोटा राउटर दहा वॅटच्या आत भागवतो. तुमचं बिल स्लॅबच्या काठावर असेल तर जुना लॅपटॉप किंवा वापरलेला थिन क्लायंट (ऑफिसातला छोटा, कमी वीज खाणारा कॉम्प्युटर) बघा, किंवा आहे त्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत राउटर सॉफ्टवेअर चालतं का ते. आणि घरात दुसऱ्या कुणाला यातलं कळत नसेल तर जुना राउटर सेट करून बाजूला ठेवा, कुठली वायर कुठे लावायची ती चिठ्ठी त्यावर चिकटवून. सासूबाईंनी मी पुण्याला असताना एकदा तसं करून दाखवलं आहे.

मदरबोर्डचं मॉडेल इथे लिहा, कुठलं कार्ड बसेल ते सांगते. पण त्याआधी, आज रात्रीच, सध्याच्या राउटरचं डीएमझेडचं पान उघडून बघा. तिथे एखादा पत्ता लिहिलेला असेल तर तो कुणाचा आहे ते तुमच्या कॅमेरेवाल्याला विचारा.