हॅरी पॉटरसारखी मुलांची लोकप्रिय पुस्तकं साहित्य म्हणून टिकतील का, की ती नुसती लाट होती?

खपावरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य. हॅरी पॉटरच्या ५० कोटींहून जास्त प्रती खपल्या, पण तेवढ्यावर कोणी त्याला थोर साहित्य म्हणणार नाही. मात्र ‘मुलांच्या जादूच्या गोष्टी, त्यात कसलं आलंय साहित्य’ हे मला अजिबात पटत नाही. मी एवढंच बघतो की नंतरच्या लेखकांना त्या पुस्तकाशी भांडावंसं वाटलं का.

नार्निया या जादुई देशावरची मुलांची पुस्तकमालिका घ्या. सी. एस. लुईसच्या १९५० सालच्या पहिल्या पुस्तकात ल्युसी कपड्यांच्या कपाटात शिरते आणि थेट बर्फाच्या जंगलात पोचते. १९९५ साली आलेल्या फिलिप पुलमनच्या ‘नॉर्दर्न लाइट्स’मध्ये नायिका लायरासुद्धा पहिल्याच प्रकरणात कपाटात लपते. पलीकडे जंगलबिंगल काही नाही. कपाटातून ती मोठ्यांची बैठक चोरून बघते, ऐकते. मला हा योगायोग वाटत नाही, कारण नार्नियावर पुलमनने जाहीरपणे आणि सडकून टीका केलेली आहे. ‘नॉर्दर्न लाइट्स’ ज्या मालिकेतलं, तिच्या तिसऱ्या भागाला २००१चा व्हिटब्रेड ‘बुक ऑफ द इयर’ हा ब्रिटिश साहित्य पुरस्कार मिळाला. मोठ्यांच्या पुस्तकांना मागे टाकून हा मान मिळवणारं मुलांचं ते पहिलंच पुस्तक.

आणि ल्युसीची बहीण सुझन! नार्नियाच्या शेवटच्या भागात (१९५६) तिची भावंडं खऱ्या नार्नियात पोचतात, ती मात्र बाहेर राहते. का, तर तिला आता लिपस्टिक, नायलॉनचे मोजे आणि पार्ट्यांची आमंत्रणं यातच रस उरलाय म्हणे. हे इतक्या वाचकांना इतकं खुपलं की २००४ साली लेखक नील गेमनने त्यावर चक्क कथा लिहिली. फुटकळ पुस्तकातल्या एका मुलीवरच्या अन्यायाचा हिशेब पन्नास वर्षांनी कोण मागायला बसतो?

लुईस कॅरलचं ‘ॲलिस इन वंडरलँड’ (१८६५) तर स्वतःच भांडखोर. आयझॅक वॉट्सची कष्टाळू मधमाशीची बोधपर कविता तेव्हा मुलांकडून घोकून घेत. आपण अजून आपणच आहोत ना, हे तपासायला ॲलिस ती म्हणायला जाते आणि तोंडातून निघते मगर, हसऱ्या जबड्यात छोट्या माशांचं स्वागत करणारी. आज मधमाशीची आठवण निघते तीही बहुतेक या मगरीमुळेच.

आता पॉटर. समीक्षक हॅरोल्ड ब्लूमने २००० सालीच पहिल्या भागाची भाषा गुळगुळीत ठरवून ते पुस्तक मोडीत काढलं होतं. भाषेपुरतं त्याचं फारसं चुकलं नव्हतं, आणि पाचवा भाग तर निम्मा कापला असता तरी चाललं असतं, असं माझं मत. जादूगारांची शाळाही काही नवी नाही. अर्सुला ले ग्विनने १९६८मध्ये ‘अर्थसी’त ती दाखवली होती. पण लेव्ह ग्रॉसमनची ‘द मॅजिशियन्स’ (२००९) वाचून बघा. तिथे जादूचं कॉलेज आहे, नार्नियासारखा एक मुलूखही आहे, आणि हे सगळं हाती लागूनही नायक दुःखीच. म्हणजे पॉटरशी भांडण सुरू झालंय. वाचायचीच असेल तर आधी नार्निया आणि पॉटरचे निदान पहिले तीन भाग उरकून घ्या, नाहीतर त्यातले निम्मे टोमणे डोक्यावरून जातील.