जी६पीडीची कमतरता: वाचकांचे प्रश्न

मुलाला जी६पीडीची कमतरता निघाली. हे एन्झाइम करतं काय?

जी६पीडी म्हणजे ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. हे एन्झाइम ग्लुकोजपासून निघालेल्या एका रेणूवर काम करून एनएडीपीएच हा पेशीच्या बचावाला लागणारा रेणू तयार करतं. त्याच्या जोरावर ग्लुटाथिओन हे संरक्षक द्रव्य पुन्हा पुन्हा वापरात येतं आणि पेशीला घातक हायड्रोजन पेरॉक्साइड निकामी करतं. इतर पेशींना एनएडीपीएच मिळवायच्या आणखी वाटा आहेत. तांबड्या पेशीत ना केंद्रक, ना मायटोकॉन्ड्रिया. नवं एन्झाइम बनवता येत नाही. जवळपास १२० दिवस असलेल्या शिदोरीवरच काढायचे. अशा घातक पदार्थांचा ताण वाढला की हिमोग्लोबिन बिघडून त्याच्या गाठी पेशीच्या आवरणाला चिकटतात आणि पेशी फुटते.

काय टाळायचं?

प्रिमाक्विन आणि टॅफेनोक्विन (हिवतापावरची औषधं), डॅप्सोन (कुष्ठरोगावरचं), रास्बुरिकेज (युरिक अ‍ॅसिड उतरवणारं), फावा बीन्स (बाकला) आणि नॅफ्थलीनच्या डांबरगोळ्या. मिथिलीन ब्लूही (ऑक्सिजन वाहू न शकणाऱ्या हिमोग्लोबिनवरचं औषध): त्याला काम करायला एनएडीपीएचच लागतं, त्यामुळे ते इथे लागू पडत नाही आणि वर पेशी फोडतं. साधा जंतुसंसर्गही पुरतो, म्हणून ताप अंगावर काढू नका. औषध घेतल्यापासून एक ते तीन दिवसांत लघवी चहासारखी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा धाप लागली, तर ते थांबवून लगेच रुग्णालय गाठा.

कावीळ आणि रक्तक्षय होऊन गेला, पण तपासणी नॉर्मल आली. मग कमतरता नाही ना?

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही, आणि ही चूक फार होते. अशा आजाराच्या झटक्यात आधी म्हाताऱ्या पेशी फुटतात, कारण त्यांच्यातलं एन्झाइम सर्वात कमी. मागे उरतात कोवळ्या पेशी, त्यांत ते जास्त असतं. अशा वेळी घेतलेल्या नमुन्यात आकडा फसवा चढतो. रक्त चढवलं असेल तर दात्याच्या पेशीही मोजल्या जातात. सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. तोवर कमतरता आहे असंच धरून चाला.

भावाला कमतरता आहे. माझी झटपट चाचणी नॉर्मल आली, तरी टॅफेनोक्विनआधी डॉक्टर पुन्हा रक्त मागतात. का?

स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू असतो. त्यामुळे तुमच्या काही तांबड्या पेशी धडधाकट आणि काही उणिवेच्या असू शकतात. झटपट चाचणी एन्झाइमची नॉर्मलच्या साधारण ३० टक्क्यांखालची पातळीच पकडते, तर टॅफेनोक्विनसाठी ७० टक्क्यांहून जास्त लागते. मधल्या पट्ट्यात तुम्ही आहात का, ते आकडा देणाऱ्या तपासणीतच कळतं. ती करूनच घ्या.