हसवणारे आणि विचार करायला लावणारे तुमचे आवडते ऑनलाइन व्हिडिओ कोणते? ते तुम्ही इतरांना पाठवता का?

माझ्या यादीत पहिला क्रमांक फ्रान्स द वाल यांच्या भाषणातील माकडांच्या व्हिडिओचा आहे. तो मी आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवला आणि माझे थोरले दीर त्याच दिवशी ग्रुप सोडून गेले. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो आणि त्याचे उत्तर थोडे लांबणार आहे.

द वाल मूळचे नेदरलँड्सचे होते. अमेरिकेतील अटलांटा येथील एमरी विद्यापीठात त्यांनी माकडांच्या आणि वानरांच्या वर्तनाचा अभ्यास केला. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. सारा ब्रॉस्नन यांच्यासह त्यांनी केलेला एक प्रयोग २००३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता आणि २०११ च्या एका टेडेक्स (‘टेड’ या व्याख्यानमालेच्या धर्तीवरील कार्यक्रम) भाषणात त्यांनी तशाच प्रयोगाचे चित्रीकरण दाखवले. शेजारशेजारच्या दोन कप्प्यांत दोन कॅपुचिन माकडे आहेत. माकडाने प्रयोग घेणाऱ्या बाईंना खडा परत दिला की त्याला काकडीचा तुकडा मिळतो आणि ते तो आनंदाने खाते. मग दुसरे माकड तेच काम करते आणि त्याला द्राक्ष मिळते. पहिले हे पाहते, पुन्हा खडा देते, पुन्हा काकडीच मिळते, आणि या वेळी ते ती काकडी बाईंच्या अंगावर भिरकावते. त्यानंतर ते आपला खडा भिंतीवर आपटून पाहते. जणू दोष आपल्या खड्यात तर नाही ना, याची खात्री करून घेते. मला सर्वांत जास्त हसू येते ते येथे, आणि घशात काहीतरी अडकते तेही येथेच. ज्याला सतत कमी मिळत आले आहे, तो आधी स्वतःचाच खडा तपासतो.

आता आमच्या घराविषयी. फोंडा तालुक्यात आमचे कुळागर आहे. माड, पोफळी, मिरवेली आणि थोडी केळी. माझे यजमान मधले. ते आणि मी जुन्या घरात राहतो आणि माडांना आळी करण्यापासून पाण्याचे पाट वळवण्यापर्यंतची सारी कामे आम्हीच पाहतो. थोरले भाऊजी सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन पणजीला स्थायिक झाले आहेत, धाकटे मुंबईला. पाडेली येऊन नारळ पाडून गेला की अंगणात तीन ढीग घातले जातात आणि थोरल्याने आधी ढीग निवडायचा, ही सासऱ्यांच्या वेळेपासूनची रीत. भाऊजी गाडी घेऊन येत, प्रत्येक ढिगाभोवती एक फेरी मारत आणि ज्यात मोठे नारळ असतील तो बरोबर उचलत. उरलेल्यात आमच्या वाट्याला लहान नारळ आणि माकडांनी नासवलेले. (आमच्या माकडांना काकडी-द्राक्षाचा फरक कळतो की नाही हे मला ठाऊक नाही, कोवळ्या शहाळ्यांचा मात्र नक्की कळतो.)

गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर, नवऱ्याच्या मालमत्तेत पत्नीचाही निम्मा वाटा असतो. म्हणजे त्या लहान नारळांपैकी निम्मे कायद्याने माझे होते. परंतु कायदा काहीही सांगो, थोरल्या दिरासमोर धाकट्या भावजयीने वाटणीचा विषय काढायचा नाही, ही घरातील शिस्त मीही पाळत आले होते. यजमानांनी तो विषय अनेकदा काढला. अतिशय गंभीरपणे, हिशेबाची वही पुढे ठेवून काढला. दर वेळी भाऊजी तितक्याच गंभीरपणे ‘बघू या’ म्हणत, चहा होई आणि पोती गाडीत चढत.

अशा वेळी एके रात्री मी द वाल यांचे संपूर्ण भाषण ग्रुपवर पाठवले. खाली एवढेच लिहिले, ‘सर्वांनी पाहावे, हसू येईल.’ नारळांचा विचार माझ्या मनात नव्हता, असे मी म्हणणार नाही. सकाळी मुंबईच्या पुतण्याने विचारले, ‘काकी, आपल्याकडे काकडी कोण खातो?’ त्यावर मुलांच्या हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. नणंदेने मात्र काहीही न लिहिता सरळ मला फोन केला आणि ती बराच वेळ फक्त हसत राहिली. दुपारी भाऊजींचा संदेश आला. ‘कौटुंबिक ग्रुपवर माकडचेष्टा नकोत. जे बोलायचे ते तोंडावर आणि गांभीर्याने बोलावे.’ त्याखाली त्यांनी ग्रुप सोडल्याची ती करड्या अक्षरांतली ओळ.

पुढच्या पाड्याला भाऊजी आले, नेहमीप्रमाणे ढिगांभोवती फिरले आणि काहीही न निवडता म्हणाले, ‘चिठ्ठ्या टाका. लहान मुलाला उचलायला सांगा.’ तेव्हापासून आमच्याकडे वाटे चिठ्ठ्यांवर पडतात. त्यांचे म्हणणे असे की, हा निर्णय त्यांनी स्वतः विचार करून घेतला आणि व्हिडिओचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. उलट त्या थिल्लरपणामुळे तो लांबलाच. माझे म्हणणे असे की, गांभीर्याला त्या अंगणात भरपूर वर्षे संधी मिळाली होती आणि त्यातून चहाखेरीज काही निघाले नाही.

आमचा हा वाद नारळांच्याही आधीचा आहे. भाऊजी तरुणपणी देवळाच्या उत्सवातील संगीत नाटकांत राजे आणि ऋषी यांच्या भूमिका करत, आणि उत्तम करत. विनोदी पात्राचे काम मात्र त्यांनी कधी स्वीकारले नाही. हसण्यावारी नेलेला विषय तेथेच संपतो, ही त्यांची ठाम समजूत. माझे माहेर पेडणे तालुक्यातले. आमच्याकडे दशावतारी काला रात्रभर चाले आणि पेंगुळलेले प्रेक्षक खडबडून जागे होत ते काळ्या वेशातला संकासुर आला की. वेद चोरणारा हा राक्षस. शेवटी विष्णूच्या हातून मरायचा हे सर्वांना ठाऊक. पण मरण्याआधी तो गावच्या बोलीत जे बोले, त्यात पुढे खुर्चीवर बसलेल्या मानकऱ्यांचाही समाचार घेतला जाई आणि ते मानकरीही हसत. तीच गोष्ट कोणी सभेत उभे राहून बोलला असता तर त्याचे काय झाले असते, याची कल्पना गोव्यातील वाचकांना मी देण्याची गरज नाही. हसणाऱ्या माणसाने ती गोष्ट खरी असल्याची अर्धी कबुली आधीच दिलेली असते. पुढे तो रागावला, तरी ती परत घेता येत नाही.

हे केवळ माझे मत नाही. मार्क अब्राहम्स यांनी १९९१ मध्ये अमेरिकेत सुरू केलेले ‘इग नोबेल’ पुरस्कार आजही दिले जातात आणि त्यांची कसोटीच अशी की संशोधनाने आधी हसवावे आणि मग विचार करायला लावावे. तुमच्या प्रश्नाला याहून जवळचे काही मला माहीत नाही. त्या समारंभांची चित्रीकरणे ऑनलाइन आहेत आणि माझ्या यादीत ती दुसऱ्या क्रमांकावर आहेत. वक्ता वेळेपेक्षा जास्त बोलू लागला की आठ वर्षांची एक मुलगी त्याच्यासमोर येऊन ‘कृपा करून थांबा, मला कंटाळा आला आहे’ असे तो थांबेपर्यंत म्हणत राहते. आपल्याकडील प्रत्येक सत्कार समारंभात ही मुलगी नेमावी, असे माझे गंभीर मत आहे. स्वतः द वाल यांना हा पुरस्कार २०१२ मध्ये मिळाला, कारण चिंपांझी आपल्या ओळखीच्या चिंपांझीला पाठीमागच्या भागाच्या छायाचित्रावरूनही ओळखतात, हे त्यांनी आणि जेनिफर पोकोर्नी यांनी दाखवले होते. चुंबकीय क्षेत्रात जिवंत बेडूक तरंगत ठेवल्याबद्दल भौतिकशास्त्रज्ञ आंद्रे गाइम यांना २००० मध्ये इग नोबेल मिळाले आणि २०१० मध्ये ग्राफीन या कार्बनच्या अतिपातळ रूपावरील कामासाठी खरे नोबेल. बेडकाचा तो लहानसा व्हिडिओही अवश्य पाहा.

मालमत्तेचा विषय निघालाच आहे तर याच पुरस्कारातील लाल बिहारी यांचे नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. उत्तर प्रदेशातील या गृहस्थांना जमिनीच्या लोभापायी नातलगांनी सरकारदरबारी मृत ठरवले. १९७५ ते १९९४ इतका काळ ते कागदोपत्री मेलेले होते, त्यांनी मृतांचा संघ काढला आणि २००३ मध्ये त्यांना शांततेचे इग नोबेल मिळाले. भाऊजींनी आम्हाला निदान जिवंत तरी ठेवले, हे मला मान्य करावे लागेल.

उरलेले भराभर सांगते. स्वीडनचे डॉक्टर आणि आकडेवारीचे जाणकार हान्स रोसलिंग यांचे धुण्याच्या यंत्रावरील २०१० चे भाषण: घरात पहिल्यांदा यंत्र आले तेव्हा त्यांची आजी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली आणि कपडे धुऊन होईपर्यंत बघत राहिली. जन्मभर लाकडे पेटवून पाणी तापवणाऱ्या आणि सात मुलांचे कपडे हातांनी धुणाऱ्या बाईला तो चमत्कारच होता. शेवटी रोसलिंग त्या यंत्रातून पुस्तके बाहेर काढतात, कारण धुण्यातून सुटलेल्या वेळात त्यांच्या आईने त्यांना वाचनालयात नेले. हे भाषण आधी घरातील पुरुषांना दाखवावे. दुसरा, मानसशास्त्रज्ञ डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांच्या १९९९ च्या प्रयोगातील व्हिडिओ. पांढऱ्या कपड्यांतील खेळाडू चेंडू एकमेकांकडे किती वेळा देतात एवढेच त्यात मोजायचे असते. त्यात आणखी काय दिसते ते मी लिहिणार नाही. सुमारे निम्म्या लोकांना ते दिसतच नाही. त्यांनाही २००४ मध्ये इग नोबेल मिळाले. टेडच्या कित्येक भाषणांना स्वयंसेवकांनी केलेली मराठी सबटायटल्स असतात, त्यामुळे इंग्रजीची अडचण वाटू देऊ नका. पु. ल. देशपांडे यांची कथाकथने मी मुद्दाम यादीत घेतलेली नाहीत. ती अद्याप न मिळालेला मराठी माणूस मला भेटलेला नाही.

पाठवण्याबाबत माझी मते स्पष्ट आहेत. ज्यावर ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेले’ अशी खूण येते ते पाठवूच नये. २०२० पासून व्हॉट्सॲपनेही असा मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे बंधन घातले आहे, यावरून काय ते समजावे. आपण स्वतः शेवटपर्यंत न पाहिलेले काही पाठवू नये. सकाळी सुविचार, दुपारी विनोद आणि रात्री देशभक्ती असा रतीब घालणाऱ्यांच्या व्हिडिओंकडे कोणी पाहत नाही. क्वचित पाठवणाऱ्याचा व्हिडिओ उघडला जातो. आणि भाषणातील तुकडा कापून पाठवण्यापेक्षा पूर्ण भाषण पाठवावे, कारण खरा ऐवज पुष्कळदा नंतर असतो. माकडांच्या दृश्यानंतर द वाल सांगतात की, एका तत्त्वज्ञाने त्यांना आव्हान दिले होते: ज्याला द्राक्ष मिळते त्याने ते नाकारले, तरच मी याला न्यायबुद्धी म्हणेन. आणि ब्रॉस्नन यांच्या चिंपांझींच्या काही जोड्यांमध्ये तसे घडलेही. शेजाऱ्याला द्राक्ष मिळेपर्यंत एकाने आपले घेतले नाही. सुमारे १७ मिनिटांच्या त्या भाषणात भाऊजी काकडी फेकली जाते तेथेच थांबले, हे त्यांनीच नणंदेला सांगितले आहे. पुढे पाहिले असते तर चिठ्ठ्या टाकायला सांगणाऱ्या स्वतःचीच त्यांना तेथे भेट झाली असती, आणि ग्रुप सोडण्याचे काही कारण उरले नसते.

काही मर्यादा मात्र सांगायला हव्यात. घरात सुतक असताना, कोणी इस्पितळात असताना, किंवा ज्याच्यावर हसायचे तो आपल्यापेक्षा दुबळा असताना यातले काहीही लागू होत नाही. आणि द वाल यांच्या निष्कर्षावर सर्वांचे एकमत नाही. अशाच प्रकारच्या प्रयोगांत पुढे काही संशोधकांना तसा परिणाम आढळला नाही. काहींच्या मते माकड अन्यायावर चिडत नाही, समोर दिसणारे द्राक्ष आपल्याला मिळाले नाही या अपेक्षाभंगावर चिडते. ही माहिती मला भाऊजींकडूनच मिळाली. ग्रुपवर ते आजही नाहीत, पण कोणाकडून तरी या वादावरचा लांबलचक लेख मिळवून त्यांनी तो मला एकटीला पाठवला आणि खाली लिहिले, ‘तुझ्या माकडांचे संशोधन वादग्रस्त आहे.’ लेख चांगला होता, मी तो पूर्ण वाचला आणि त्यांना लगेच कळवले की माकड अन्यायाने चिडले की अपेक्षाभंगाने, याचा निर्णय संशोधक सावकाश लावतील. वाटे चिठ्ठ्यांवरच पडतील.